व्हॅनच्या पुढच्या दाराची काच कशी बसवावी

मारुतीच्या ओम्नी किंवा ईकोसारख्या व्हॅनमध्ये हँडल फिरवून वर-खाली होणारी पुढच्या दाराची काच फुटली, तर ती घरच्या घरी बदलता येते. नवी काच दारात सोडणे हा त्यातला सोपा भाग आहे. खरा वेळ दार साफ करण्यात आणि काच सरळ आणण्यात जातो.

काच घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि डावी की उजवी बाजू हे दुकानदाराला सांगावे आणि काचेच्या कोपऱ्यावर आयएसआय खूण आहे ना, ते पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा, म्हणून गडद काच स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

प्रथम हँडल काढावे. ते बहुधा मागच्या बाजूने तारेच्या छोट्या क्लिपने अडकवलेले असते. हँडलच्या मागे फडक्याची पट्टी घालून ती पुढे-मागे ओढली की क्लिप सुटते. ती उडून हरवते, म्हणून खाली चादर अंथरावी. मग स्क्रू काढून डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, कडेने हळूहळू उचकटावे आणि त्यामागचा प्लास्टिकचा कागद न फाडता सोलावा, कारण दारात शिरलेले पाणी गाडीच्या आत येऊ न देण्याचे काम तोच करतो.

आता जाड हातमोजे घालावेत. ही काच कडक केलेली असल्यामुळे फुटताना तिचे बारीक खडे होतात आणि ते दाराच्या तळाशी साचतात. ते व्हॅक्यूम क्लीनरने पूर्ण काढावेत, तसेच काच ज्या रबरी खाचेतून सरकते त्या चॅनेलमध्ये अडकलेले कण टोकदार काडीने काढावेत, कारण एखादा खडा राहिला तरी तो नव्या काचेवर ओरखडे पाडतो. तळाची पाणी जाण्याची छिद्रेही मोकळी करावीत. ती तुंबली तर पावसाळ्यात दार आतून गंजते, आणि कोकणात तर फार लवकर.

हँडल तात्पुरते बसवून रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली करणारी दारातली यंत्रणा, अर्ध्यावर आणावा. काच पुढच्या बाजूने तिरकी करून वरच्या फटीतून आत सोडावी, मग सरळ करून दोन्ही कडा चॅनेलमध्ये बसवाव्यात आणि तळाची पट्टी रेग्युलेटरला जोडावी. बोल्ट मात्र फक्त हातानेच फिरवावेत. काच अगदी वर नेऊन तिची कड चौकटीच्या रबरात सगळीकडे सारखी बसते का, ते पाहावे, आणि मगच पान्याने बोल्ट आवळावेत; आधीच आवळले तर काच तिरकी चढते आणि हँडल जड जाते. चॅनेलवर सिलिकॉन स्प्रे मारावा, तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्यावर धूळ चिकटते.

पॅड लावण्यापूर्वी काच अनेकदा वर-खाली करून पाहावी आणि बाहेरून पाणी ओतावे. थोडे पाणी दारात शिरणे स्वाभाविक आहे, फक्त ते तळाच्या छिद्रांतून बाहेर पडले पाहिजे. त्यानंतर प्लास्टिक चिकटवून पॅड दाबून बसवावे. क्लिप आधी हँडलमध्ये घालावी, काच पूर्ण बंद करावी आणि दुसऱ्या बाजूच्या दारातले हँडल काच बंद असताना ज्या कोनात असेल, त्याच कोनात हे हँडल दाबून बसवावे.