माउंटन बाइकचा एअर फोर्क आपल्या वजनाप्रमाणे कसा जुळवावा

एअर फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा, आत हवा भरलेला फोर्क. तो जुळवताना सुरुवात नेहमी हवेच्या दाबापासून करावी, कारण तोच चुकलेला असेल तर बाकीची खटपट वाया जाते. कॉम्प्रेशनचा, म्हणजे फोर्क दबण्याला होणारा विरोध कमी-जास्त करणारा नॉब पूर्ण उघडावा, हेल्मेट आणि पाण्याने भरलेली बॅग अंगावर चढवून भिंतीच्या आधाराने पेडलवर उभे राहावे, कोणाकडून तरी फोर्कच्या नळीवरचे रबरी कडे सीलपर्यंत, म्हणजे नळी खालच्या भागात शिरते तिथपर्यंत, खाली सरकवून घ्यावे आणि मग अलगद उतरून ते सीलपासून किती वर राहिले ते मोजावे. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणाऱ्या फोर्कमध्ये हे अंतर सुमारे २० टक्के, म्हणजे २४ मिलिमीटर असावे. हे अंतर जास्त भरल्यास शॉक पंपाने पाच-पाच पीएसआय (दाबाचे एकक) हवा वाढवावी, आणि प्रत्येक वेळी फोर्क दहाएकदा दाबून सोडावा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतील दाब जुळतो.

खरी मेख रिबाउंडमध्ये, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याच्या वेगात आहे. तो फार संथ असला तर लागोपाठच्या दगडांवर फोर्कला पुन्हा वर यायला वेळच मिळत नाही, तो आत दबत जातो आणि हाताला कडक लागतो. मीही हा कडकपणा दाबाचा समजून कित्येक दिवस हवा सोडत राहिलो होतो. रिबाउंडचा नॉब पूर्ण बंद करून एकेक क्लिक मोजत उघडावा. फोर्क दाबून सोडल्यावर चपळाईने वर यावा, पण चाक जमिनीवरून उसळू नये. पुढे दाब बदललाच, तर रिबाउंड पुन्हा तपासावा लागतो.