कामोणी घरी कशी लावावी: बी धरण्यापासून भाजी खुडण्यापर्यंत

"हाई तं तण शे, येले कोन लावस?" खानदेशात कामोणी लावायचं नाव काढलं की हे ऐकावं लागतंच. म्हणणाऱ्याचं चुकत नाही. मिरगाचा पाऊस पडला की ही उकिरड्याच्या कडेला, केळीच्या बागेत ठिबकच्या नळीखाली, पडक्या भिंतीच्या बुडाशी कुणी न विचारता उगवते. अडचण एवढीच की ती जिथे आपोआप येते, तिथली आता तोंडात घालण्यासारखी राहिलेली नाही. कपाशीच्या बांधावर तणनाशक फिरतं, पिकावरच्या फवारणीचा तुषार कडेच्या झाडांवर बसतो, आणि गावातली कामोणी बहुतेक वेळा सांडपाण्याच्या नालीकाठीच असते. भाजी खायची असेल तर ती आपल्या परसात किंवा गच्चीवरच्या कुंडीत वाढवलेली बरी. हे झाड जगवायला फार कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते योग्य झाड ओळखण्यात आणि त्याला आवर घालण्यात.

आधी ओळख पक्की करा

हे काम घाईने करायचं नाही. बी कुठून आणता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

कामोणी गुडघ्याएवढी, फार तर कमरेपर्यंत वाढते. खोड हिरवं, कधी जांभळट, आणि त्यावर काटा नसतो. पानं अंड्याच्या आकाराची, टोकाकडे निमुळती, कडा किंचित लहरी. फुलं मिरचीच्या फुलासारखी पण आणखी लहान: पाच पांढऱ्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि मध्ये पिवळा सुळका. खरी खूण फळांची. एकाच दांड्याच्या टोकाला चार-आठ फळांचा लहानसा झुबका लटकतो, प्रत्येक फळ ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, आधी हिरवं आणि पिकल्यावर काळं. काही झाडांची फळं पिकून नारिंगी-तांबडी होतात. ती तिची सख्खी बहीण. नव्याने लावणाऱ्याने मात्र काळ्या फळांचंच झाड धरावं, म्हणजे पिकलं की नाही हा संशय राहत नाही.

बऱ्हाणपूरकडची माणसं हिला मकोय म्हणतात, नवापूरकडे गुजरातीचा वारा लागलेल्यांच्या तोंडी पिलुडी येते, वैद्यांच्या यादीत ती काकमाची असते. नाव कुठलंही सांगोत, झाड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बी घेऊ नका.

चुकायच्या जागा तीन. पानांवर आणि खोडावर पिवळे काटे असतील आणि झाड जमिनीसरपट पसरलं असेल तर ती भुईरिंगणी. गिरणेच्या, पांझरेच्या कोरड्या पात्रात उन्हाळ्यात दिसते ती हीच. फळाभोवती कागदासारखी फुगीर पिशवी असेल तर ती चिरपोटी. या दोन्ही फळं धरल्यावर ओळखू येतात. सगळ्यात सांभाळायचं ते धोतऱ्यापासून, कारण धोतऱ्याचं कोवळं रोप आणि कामोणीचं कोवळं रोप नवख्याला सारखंच वाटतं. धोतऱ्याचं पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. पुढे त्याला लांब कर्ण्यासारखं फूल आणि काटेरी बोंड येतं. म्हणून नियम असा: रानातलं रोप उपटून आणायचं नाही. फळ धरलेलं झाड शोधायचं, काळं पिकलेलं फळ घ्यायचं, आणि त्याच्या बियांपासून सुरुवात करायची.

मोबाइलवर शोधलं की बेलाडोनाचे भीतिदायक फोटो समोर येतात. ते वेगळं झाड आहे, आपल्याकडे हिमालयाच्या थंड भागात होतं. त्याला एकेकटं, बोराएवढं मोठं फळ लागतं, झुबका नसतो. तापीच्या खोऱ्यात ते रानात भेटायचं नाही.

बी काढणं

दहा-बारा पिकलेली फळं पुष्कळ झाली. एका फळात डझनावारी बिया असतात. वाटीत थोड्या पाण्यात फळं कुस्करा आणि एक-दोन दिवस तशीच ठेवा. गर आंबून सैल होतो. मग वरचं पाणी हळूच ओतून टाका: साल आणि गर तरंगून जातो, बी तळाशी बसतं. बी बारीक, चपटं, फिकट पिवळं असतं. ते स्टीलच्या ताटलीत पसरून सावलीत वाळवा. वर्तमानपत्रावर पसरलं तर चिकटून बसतं आणि नखाने खरवडत बसावं लागतं. वाळलेलं बी कागदाच्या पुडीत घालून कोरड्या बरणीत ठेवा. ताज्या बियांपेक्षा थोडं मुरलेलं बी बहुधा जास्त एकसारखं उगवतं, तेव्हा घाई नको.

कधी लावायची

खानदेशात दोन हंगाम धरता येतात. पहिला मिरगानंतरचा, पण त्यात पाऊस जास्त झाला की मुळं कुजतात आणि पानांवर ठिपके पडतात. मला विचाराल तर दुसरा खरा: पोळा झाला की वाफ्यात बी टाकायचं आणि नवरात्राच्या सुमारास रोपं लावायची. मग दिवाळीनंतर थंडीभर भाजी मिळते. सातपुड्याच्या वरच्या अंगाला, तोरणमाळ-धडगावकडे, पौषातल्या कडाक्यात वाढ थांबल्यासारखी होते. ती पुन्हा धरते, झाड मेलं समजून उपटू नका. उन्हाळ्यात मात्र हट्ट करू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे कामोणीचं पान तग धरत नाही. कुंडी भिंतीच्या सावलीत हलवली तर झाड जगेल, पण भाजीची आशा नको.

माती आणि पेरणी

आपली काळी कसदार माती शेतात सोन्याची, कुंडीत मात्र डोकेदुखी. ओली असताना चिखल धरते, वाळली की भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग चाळलेली वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिसळा. शेणखत कच्चं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते, एवढं लक्षात ठेवा. कुंडी किमान दहा-बारा इंची, आणि बुडाला भोक हवंच.

पेरणीसाठी पसरट तगारी किंवा जुनी पाटी चालते. बी इतकं बारीक की चिमटीतून एकाच जागी ढीग पडतो. म्हणून ते मूठभर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरवा. वर मातीचा अगदी पातळ थर द्या, बी जेमतेम झाकेल एवढाच. याला उगवायला उजेड लागतो. बोटभर खोल पुरलेलं बी खालीच राहतं. पाणी झारीने, तेही हलक्या हाताने. आठ-पंधरा दिवसांत रोपं दिसू लागतात. सगळी एकदम येत नाहीत, मागून येणाऱ्यांची वाट पाहा.

चार-सहा पानं झाली की संध्याकाळी पुनर्लागण करा. पाला खायचा असेल तर दोन रोपांत एक फूट, फळं हवी असतील तर दीड फूट. कुंडीत एकच रोप. पहिले दोन दिवस दुपारी सावली द्या.

रोजची काळजी

पाणी हाच मुद्दा. थंडीत दोन-तीन दिवसांआड पुरतं. बोट मातीत घालून पाहा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. बुडाशी आच्छादन घाला. रावेर-यावलकडे केळीची वाळलेली पानं फुकट मिळतात, ती कापून पसरली की पाणी कमी लागतं. खत महिन्यातून एकदा ओंजळभर गांडूळखत. युरिया टाकू नका. पानं हिरवीगार लुसलुशीत होतात खरी, पण मावा आधी तिथेच धावतो.

वीतभर वाढल्यावर शेंडा खुडा. त्याने बाजूला फांद्या फुटतात आणि झाड झुडपासारखं भरतं. वाऱ्याने लवू लागलं तर तुराटीचा आधार द्या. पऱ्हाटी वापरू नका, तिच्यासोबत कपाशीवरचा पिठ्या ढेकूण घरात येऊ शकतो आणि त्याला कामोणीही चालते.

वांग्याची नातलग, हे विसरू नका

कामोणी वांगं, टोमॅटो, बटाटा यांच्याच सोलॅनम कुळीतली. म्हणजे त्यांचे रोग आणि किडी हिच्याही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण हड्डा भुंग्याला त्याचं काय? तो वांग्यावर पोसतो तसाच हिच्यावर. अंगणात भरिताच्या वांग्याची किंवा मिरचीची झाडं असतील तर कामोणी दुसऱ्या टोकाला लावा, आणि ज्या मातीत गेल्या वर्षी वांगी मर रोगाने गेली तिथे तर लावूच नका.

हड्डा भुंगा ओळखायला सोपा: तांबूस, अर्धगोल, पाठीवर बरेच काळे ठिपके. पण मावा खाणारा ढालकिडाही असाच दिसतो आणि तो आपला मित्र. ढालकिडा चकचकीत असतो, हड्ड्याची पाठ बारीक लवेमुळे मळकट दिसते. पान जाळीसारखं खरवडलेलं असेल तर उलटून पाहा. खाली पिवळी, काटेरी अळी किंवा उभ्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका सापडेल. दोन-चार झाडांना औषध कशाला, पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा.

माव्यावर पाण्याची जोरदार धार पुरते. नाही आटोपला तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून थोडा साबण मिसळा आणि उन्हं उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. त्यानंतर चार-पाच दिवस भाजी खुडू नका. पानं वाकडी होऊन आकसली, झाड खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. झाड उपटा, नाहीतर टोमॅटोही जातील.

खुडणं आणि खाणं

रोपं लावल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात पहिली खुडणी येते. कोवळे शेंडे घ्या, खालचं खोड वीतभर ठेवा. दहा-पंधरा दिवसांत पुन्हा फुटतं. फळं भरू लागली की पानांचा कडवटपणा वाढतो, म्हणून भाजीच्या झाडांचे फुलोरे खुडत राहा आणि फळांसाठी एक झाड वेगळं ठेवा.

कच्ची भाजी खायची नाही. पाला उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटं शिजवा, ते पाणी फेका, मग लसूण-मिरचीच्या फोडणीत मूगडाळीबरोबर परता. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीबरोबर हा कडवटपणा छान लागतो. नुसत्या पोळीबरोबर तेवढी मजा नाही. तमिळनाडूत हाच पाला जुडी बांधून बाजारात विकला जातो आणि तिथे तो मुद्दाम पिकवतात.

फळांबाबत मात्र सवलत नाही. हिरवं फळ विषारी असतं, त्यात सोलॅनिनसारखी द्रव्यं असतात. पूर्ण काळं, मऊ आणि बोट लावताच सुटून येणारं तेवढंच खावं, तेही मूठभर नव्हे, चार-सहा. लहान मुलांना हा फरक राखता येत नाही, म्हणून घरात चिमुरडी असतील तर झाड त्यांच्या हाताला लागेल तिथे नको. शेळ्यांनाही दूर ठेवा. हिरवी फळं खाऊन मळमळ, उलट्या, पोटदुखी, जुलाब, गुंगी असं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. झाडाची फांदी बरोबर घेऊन दवाखाना गाठा. गरोदर बाईने ही भाजी टाळावी.

काविळीवर कामोणीचा रस प्यायची रीत जुनी आहे. आयुर्वेदात काकमाचीला मान आहे हेही खरं. पण कावीळ कशाने झाली हे तपासल्याशिवाय परसातला पाला वाटून पाजणं हा जिवाशी खेळ आहे. भाजी म्हणून लावा, औषध म्हणून हवी असेल तर वैद्याला विचारा.

हंगाम संपताना

फाल्गुन सरला की पानं पिवळी पडू लागतात. आता आवरायचं. बुलबुल पिकलेली फळं खातात आणि बी शेजाऱ्याच्या वाफ्यात पेरतात. शेजारी वांगी लावत असेल तर भांडण ठरलेलं. बियाण्यापुरती फळं काढून घ्या, बाकीची जमिनीवर पडू देऊ नका. झाड मुळासकट उपटून, फळं वेगळी करून, उरलेलं कंपोस्टमध्ये टाका. रोगट असेल तर कंपोस्टमध्ये नको, जाळा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत वाफा मोकळा करून नांगरटीसारखा उलथून तापू द्या.

एवढं करूनही मिरगाच्या पावसाला तिथे रोपं उगवतीलच, कारण मातीत पडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. धोतरा बघून आधी काढा, दाटी विरळा, आणि दोन-तीन सशक्त रोपं सोडून बाकीची फुलं यायच्या आत खुरप्याने उडवा.