मेनूवरच्या कॅलरी वाचायच्या कशा?

मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं जेवण बाहेरच होतं. त्यामुळे मेनूवर पोषणाची माहिती सक्तीची असावी का, या वादात माझं उत्तर ठाम 'हो' आहे. पण आकडा छापला, तरी तो वाचता यायला हवा.

सगळ्यात आधी सर्व्हिंग बघा. पदार्थापुढे ६०० किलोकॅलरी लिहिलंय, पण ते एकाचं माप की दोघांचं? भारतात १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांनी कॅलरीबरोबर सर्व्हिंगचं मापही द्यायचं, असा नियम आहे. दिसलं नाही तर विचारा, संकोच कसला?

मेनूवर २००० किलोकॅलरींचा उल्लेख असतो, ती सरासरी प्रौढ माणसाची दिवसभराची गरज. बैठं काम, लहान चण, वाढलेलं वय यांनी गरज कमी होते. मी साधारण तिसरा हिस्सा एका जेवणाचा धरायला सांगते, पेयासकट. पेय हमखास मोजायचं राहतं. वरून घेतलेलं ड्रेसिंगही राहतं, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजेच सुमारे १२० किलोकॅलरी. तेल ओतणारा हात रोज सारखा नसतो, म्हणून दोन पदार्थांत ३० चा फरक असेल तर सोडून द्या. ३०० चा असेल तर मात्र विचार करा.

आता मीठ. माझी खरी तळमळ इथे आहे. रक्तदाबाच्या माणसाला कॅलरीच्या आकड्यातून काहीच कळत नाही. कमी कॅलरीचं सूपसुद्धा मिठाने भरलेलं असू शकतं. मिठातल्या सोडियमचा आकडा मागून घ्या. अमेरिकेत मोठ्या साखळ्यांना तो मागितल्यावर लेखी द्यावा लागतो. मिळाला की अडीचने गुणा: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावं. न्यूयॉर्कमध्ये २३०० मिलिग्रॅम किंवा जास्त सोडियम असलेल्या पदार्थापुढे साखळ्यांना मीठदाणीचं चिन्ह छापावं लागतं. असं चिन्ह सगळीकडे हवं, कारण ते ओळखायला गणित लागत नाही.

छोट्या हॉटेलांना हा खर्च झेपणार नाही, हा आक्षेप मला पटतो. म्हणूनच अमेरिकेने २०१८ पासून २० किंवा जास्त शाखांच्या साखळ्यांना, तर इंग्लंडने २०२२ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या व्यवसायांनाच सक्ती केली. "लोक आकडे बघतच नाहीत" हा आक्षेप मात्र अर्धाच खरा. आरोग्यावरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२५ च्या आढाव्यात, आकडे छापल्यावर ६०० किलोकॅलरींच्या जेवणामागे सरासरी ११ किलोकॅलरींची घट दिसली. थोडीच आहे, पण ती न बघणाऱ्यांना धरून काढलेली सरासरी आहे. बघून ठरवणाऱ्याला आपला फरक स्वतःच मोजता येतो.

एक आक्षेप मात्र मी फार गंभीरपणे घेते. खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्या माणसाला हे आकडे छळतात. इंग्लंडच्या नियमात ग्राहकाने मागितलं तर आकड्यांविना मेनू देण्याची मुभा आहे. तुमच्याबरोबर असं कुणी असेल तर तसा मेनू मिळतो का, हे आधीच फोन करून विचारा, आणि टेबलावर कॅलरी मोठ्याने वाचू नका.