न लिहिलेली मिनिटं

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं आणि आमच्या सातारा जिल्ह्यात रायफल शिकायला येणाऱ्या पोरांची रांग वाढली. त्याचं गाव, कोल्हापूर जिल्ह्यातलं कांबळवाडी, आपल्यापासून काही फार लांब नाही. 'आपल्याकडचाच पोरगा' म्हणत आईवडील स्वतः मुलांना घेऊन येतात. नेमबाज वाढले, पण स्पर्धा चालवणारी माणसं होती तेवढीच राहिली. शनिवार-रविवारच्या स्पर्धेला चार डिटेल, म्हणजे एका वेळी नेम धरणाऱ्यांच्या चार तुकड्या, लागतात आणि नेमबाजांच्या लाईनमागे उभं राहायला दोघंच असतात. त्यामुळे ज्यांच्या मनात रेंज ऑफिसर, म्हणजे लाईनमागे उभं राहून स्पर्धा चालवणारा अधिकारी, व्हायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एअर रायफलचे साठ शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तास, कागदी कार्डावर दीड तास, त्याआधी तयारी आणि सायटरची, म्हणजे गुणांत न धरल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटची, पंधरा मिनिटं, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते.

मी कराडची. एनसीसीत पॉईंट टू-टू हातात आली, कॉलेजात एअर रायफल. राज्य पातळीच्या कॅप्टन एझेकिएल स्पर्धेपर्यंत पोचले, त्याच्या पुढे अखिल भारतीय मावळंकर स्पर्धेला जायचे गुण पडले नाहीत. ते दुःख बरीच वर्षं होतं. रायफल ठेवली तरी हॉलमधला वास आणि ती शांतता सुटेना, म्हणून लाईनच्या मागच्या बाजूला आले. पहिली दोन वर्षं स्कोअरिंगच्या टेबलावर काढली, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा असं मी आग्रहानं सांगेन. हल्ली थेट कोर्स करून, बॅज लावून लाईनवर येतात. कोर्स वाईट नसतो. पण ज्यानं शंभर कार्डं हातात धरून पेलेटचं, म्हणजे छर्‍याचं, भोक रेषेला शिवतंय की नाही यावर डोळे दुखवले नाहीत, त्याला एका गुणानं मुलाचं काय जातं ते कळत नाही. एअर रायफलच्या कार्डावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. शंका असलेल्या भोकात गेज, म्हणजे ते मोजायचं माप, एकदाच घालायचा असतो, ज्युरीनंच, म्हणजे निर्णय देणाऱ्या पंचांनीच, आणि निकाल कार्डावर लिहून सही करायची असते. "बघू जरा" म्हणून उत्साहानं गेज घालणाऱ्या नव्या मुलाला मी हात धरून थांबवलंय. एकदा भोक मोठं झालं की खरं काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही.

आता माझी चूक. ती मी लांबवून सांगणार आहे, कारण ज्यांना ज्यांना मी लाईनवर उभं केलं त्यांतले निम्मे इथेच अडकले.

जिल्हा पातळीची स्पर्धा होती, कागदी कार्डांची, कार्ड पुढे-मागे नेणारे, मोटरवर चालणारे टार्गेट चेंजर. दुसरी डिटेल अर्ध्यावर आली होती. लेन सातचा मुलगा, असेल पंधरा-सोळा वर्षांचा, हात वर करून उभा राहिला. कार्ड मध्येच अडकलं होतं, मोटर नुसती गुणगुणत होती. मी त्याला म्हटलं, "थांब, बघते." बटण दाबून पाहिलं, प्लग काढून लावला, मागून मदतनीसाला हाक मारली. मोटर काही हलली नाही. लेन दहा रिकामी होती. त्याला सामान घेऊन तिकडे जायला सांगितलं, नवं कार्ड लावलं आणि म्हटलं, "कर सुरू."

यात मी काय काय केलं नाही ते बघा. त्यानं हात वर केला तेव्हा घड्याळ पाहिलं नाही. त्याचे किती शॉट झालेत ते विचारलं नाही. मुख्य घड्याळावर किती वेळ उरलाय ते टिपलं नाही. नव्या लेनवर त्यानं कितीला सुरू केलं तेही नाही. माझ्या अंदाजानं सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम होतं. पण मोटरशी झटापट करणाऱ्या माणसाची दोन-तीन मिनिटं आणि लाईनवर रायफल खाली ठेवून उभ्या असलेल्या मुलाची दोन-तीन मिनिटं सारखी नसतात.

नियम मला पाठ होता, हे सगळ्यात वाईट. नेमबाजाचा दोष नसताना तीन मिनिटांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर गेलेला वेळ परत मागता येतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त झाला, किंवा त्याला दुसऱ्या लेनवर हलवलं, तर उरलेल्या वेळेत पाच मिनिटं जास्तीची मिळतात आणि पुन्हा मोजायला लागण्याआधी हवे तेवढे सायटर. म्हणजे मिनिटं कितीही गेली असोत, लेन बदलली एवढ्यावरच त्याला सायटर द्यायला हवे होते. नव्या जागी उजेड वेगळा पडतो, पायाखालची फरशी वेगळी असते, सगळी बैठक पुन्हा जमवावी लागते. मी त्याला सरळ स्पर्धेच्या शॉटवर सोडलं. पहिले तीन शॉट आठ, सात, आठ. मग तो वेळेमागे धावायला लागला. स्टॉप झालं तेव्हा त्याची चार कार्डं कोरी होती. चार शून्य.

त्याचे वडील शांतपणे विचारायला आले, "मॅडम, किती मिनिटं गेली होती?" चीफ रेंज ऑफिसरनं माझ्याकडे पाहिलं, ज्युरीनं नोंदवही उघडली. पान कोरं होतं. ज्युरीला वेळ वाढवून द्यायचा होता, पण किती देणार? कुणी म्हणालं चार, कुणी म्हणालं आठ. आकड्याशिवाय वेळ देता येत नाही, आणि आता तर डिटेलही संपली होती. रायफल केसमध्ये ठेवताना मुलगा मला म्हणाला, "ताई, माझं काय चुकलं?" मला उत्तर देता आलं नाही. आजही ते वाक्य आठवलं की पोटात खड्डा पडतो. त्याला पुढच्या स्पर्धेला लागणारे गुण पडले नाहीत. पुढच्या वर्षी प्रवेशयादीत त्याचं नाव शोधलं, नव्हतं.

तेव्हा काय लिहायचं ते आकड्यांनिशी सांगते. समजा लेन सात ११ वाजून २२ मिनिटांनी थांबली. घड्याळावर ४१ मिनिटं उरली आहेत आणि २७ शॉट झालेत. त्याच क्षणी हे तीन आकडे लिहा, मोटरला हात लावायच्या आधी. मग ज्युरीला हाक मारा, मोटरवाल्याला नंतर. मुलाला ११:२९ ला लेन दहावर सुरू करता आलं. सात मिनिटं गेली. डिटेल एरवी १२:०३ ला संपणार होती. सात मिनिटं धरून त्याची वेळ १२:१० ला संपते, त्यात जास्तीची पाच, म्हणजे १२:१५. हा आकडा मुलाला तोंडानं सांगा, त्याच्यामागे दिसेल असा लिहून लावा आणि नोंदवहीत ज्युरीची सही घ्या. त्याला हेही सांगा की सायटर संपले की त्यानंच कळवायचं, स्पर्धेचं कार्ड मग लागेल.

इथेच दुसरा धोका दडलेला असतो. १२:०३ ला बाकीच्यांना स्टॉप, अनलोड दिलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि मदतनीस सवयीनं कार्डं गोळा करायला पुढे निघतात. लेन दहा अजून चालू आहे! कमांड देतानाच सांगायचं की एक लेन चालू राहणार आहे, कुणीही लाईनच्या पुढे जायचं नाही. सगळ्यांच्या रायफलींमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण, लागलाय का ते डोळ्यांनी तपासायचं. ज्याच्या लेनवर गोळी सुटू शकते अशा हॉलमध्ये एकही माणूस पुढे नको, मग निकालाला अर्धा तास उशीर का होईना. यात सवलत नाही, ओळखपाळख नाही, पाहुण्यांचं भाषण नाही.

वेळ कशासाठी मिळत नाही तेही पक्कं करा, कारण पालक तिथेच जास्त भांडतात. एअर रायफलच्या सिलिंडरमधली हवा संपली तर ती नेमबाजाची जबाबदारी. भरायला किंवा बदलायला त्यानं लाईन सोडून मागे यायचं आणि घड्याळ चालूच राहणार. सिलिंडरची मुदत संपलेली नाही ना, हेही त्यानंच बघायचं असतं. मुलगा रडवेला झाला तरी इथे तुम्ही वेळ देऊ शकत नाही, कारण मग लेन तीनवाल्यानं काय पाप केलं?

त्या दिवसानंतर मी लाईन सोडणार होते. घरी सांगूनही टाकलं होतं. अपशिंग्याचे एक निवृत्त सुभेदार त्या वेळी आमच्याबरोबर असायचे. ते काही समजावत बसले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात शंभर पानी वही, दोन पेनं आणि सेकंदकाट्याचं घड्याळ माझ्या हातात दिलं. "पोरी, वही कोरी असंल तर तू तितं नव्हतीसच," एवढंच म्हणाले. मग सरावाच्या दिवशी ते मुद्दाम कुठल्यातरी लेनचा प्लग काढायचे आणि मी किती सेकंदांत लिहिते ते बघायचे. सहा महिने हे चाललं. मला मिळालेलं सगळ्यात चांगलं शिक्षण ते. फौजेतल्या माणसांचा आवाज आणि शिस्त यांना तोड नाही, पण एक सांगते: तिथल्या फायरिंगच्या कमांड वेगळ्या असतात आणि घाईत जुन्या सवयी तोंडात येतात. सुभेदारकाका स्वतः प्रत्येक डिटेलआधी स्पर्धेच्या कमांड कागदावरून वाचायचे. पाठ असूनही वाचायचे.

"अनुभवानं येतं" म्हणणाऱ्या ज्येष्ठांपासून जपून राहा. अनुभवानं येतं ते खरं, पण तुमचा अनुभव कुणाच्या तरी पोराच्या गुणांवर घडतो. आणि मोबाईलवर फिरणाऱ्या दोन पानी नियमावल्या तर पुसूनच टाका. महिलांच्या एअर रायफलचे ४० शॉट २०१८ पासून ६० झाले. थ्री पोझिशन १२० वरून ६० शॉटवर आलं, गुडघ्यावर, पडून आणि उभ्यानं प्रत्येकी २०. तरी जुने कागद अजून फॉरवर्ड होतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं नियमपुस्तक फुकट उतरवून घेता येतं. पहिल्या वाचनात काही कळणार नाही, दुसऱ्यातही थोडंच. घाबरू नका, माझंही तसंच झालं. आधी सुरक्षितता, मग कमांड, मग खोळंबा आणि क्रॉसफायर (दुसऱ्याच्या टार्गेटवर गेलेला शॉट), एवढे भाग पक्के करा. फायनलचं प्रकरण वर्षभर नाही उघडलं तरी चालेल.

साहित्य तपासणीवर फार बोलत नाही. एअर रायफल साडेपाच किलोच्या आत, जॅकेटचं कापड अडीच मिलिमीटरच्या आत. आमच्याकडे सुरुवातीला किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणून वजन केलं. चालतं, फक्त आदल्या दिवशी माहितीतल्या वजनानं तो तपासून घ्या.

प्रशिक्षकांबद्दल मात्र बोलायलाच हवं. लाईनवरच्या मुलाशी मागून बोलायला परवानगी नाही. त्याला बोलायचं असेल तर रायफल रिकामी करून, तुमची परवानगी घेऊन त्यानं मागे यायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत समोरचा प्रशिक्षक बहुधा तुमचाच जुना सर असतो. त्यांना अडवताना जीभ जड होते. मी पहिल्यांदा अडवलं तेव्हा माझ्या सरांनी दोन महिने बोलणं टाकलं होतं. नंतर त्यांनीच एका वादात मला ज्युरीपुढे साक्षीला बोलावलं.

नेमबाज म्हणून चांगले असाल तर एक जास्तीची अडचण तुम्हाला येईल. डोळे आपोआप टार्गेटकडे जातात, कोण किती मारतोय तिकडे. कार्डं बघायला स्कोअरिंगवाले आहेत. तुम्ही हात बघा, नळीचं तोंड बघा, कोण मागे वळतोय ते बघा. पहिल्या दोन-तीन स्पर्धांत हे जमणार नाही आणि घरी गेल्यावर डोकं दुखेल. झोप काढा, दुसऱ्या दिवशी परत या.

गेल्या हिवाळ्यात ऐन डिटेलमध्ये सबंध हॉलची लाईट गेली. पोटात गोळा आला, पण हात आधी वहीकडे गेला. १०:४७, उरलेला वेळ ३३ मिनिटं, मग एकेका लेनचे झालेले शॉट, टॉर्चच्या उजेडात. तेवढ्यात एक वडील तावातावानं पुढे आले. मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी पूर्ण पान वाचलं, मुलाच्या लेनच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि जागेवर जाऊन बसले. जनरेटर सुरू झाला १०:५८ ला.

शाळा सुरू झाल्या की पावसाळ्यात स्पर्धांचे दिवस येतील. यायचं असेल तर डिटेलच्या तासभर आधी या आणि घड्याळ हातातलं आणा, सेकंदकाट्याचं. लाईनवर मोबाईल वापरायचा नाही असं मुलांना आपणच बजावतो, तेव्हा वेळ बघायला आपण तो खिशातून काढायचा नाही. वही मी देईन.