चुंबकत्वावरील शोधनिबंध नियतकालिकाकडे कसा पाठवावा

इंदूरमध्ये चुंबकीय पदार्थांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मोजमापाच्या सोयीसाठी फार दूर जावे लागत नाही. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारातच यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्चचे केंद्र आहे, राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २.५ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण मिळवणारे यंत्र) आहे आणि सिमरोलला आयआयटी आहे. अडते ते पुढे. आलेख तयार असतात, मार्गदर्शकांचा होकार असतो आणि तरीही निबंध महिनोन्महिने संगणकात पडून राहतो, किंवा घाईने पाठवला जातो आणि आठवड्याभरात परत येतो. याचे कारण इंग्रजी कच्चे असणे हे क्वचितच असते. मोजमाप कसे केले ते पुरेसे लिहिलेले नसते आणि निबंधाचे म्हणणे काय, हे लेखकालाच एका वाक्यात सांगता येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

म्हणून सुरुवात त्या एका वाक्यापासून करावी, आणि ते वाक्य आधी मराठीत तयार करावे. घरात विज्ञानाची आवड असलेल्या काकांना किंवा आत्याला ते सांगून पाहावे. कोबाल्ट फेराइट हे लोह आणि कोबाल्टचे चुंबकीय ऑक्साइड. ‘कोबाल्ट फेराइटमध्ये जस्त मिसळले’ ही केवळ कृती झाली. ‘जस्त वाढवत गेल्यावर संपृक्त चुंबकन आधी वाढते आणि पुढे घटते, कारण जस्त चतुष्फलकीय जागा घेते आणि ठरावीक प्रमाणानंतर अष्टफलकीय जागांवरील आघूर्णे तिरकी होऊ लागतात’ हा निष्कर्ष आहे (संपृक्त चुंबकन म्हणजे नमुन्याला येऊ शकणारे जास्तीत जास्त चुंबकन, या जागा म्हणजे स्फटिकात चार किंवा सहा ऑक्सिजन अणूंनी वेढलेल्या जागा आणि आघूर्णे म्हणजे अणूंची इवली चुंबके). अर्थात तो आता जुना आहे. आपल्या कणांच्या आकारामुळे किंवा बनवण्याच्या पद्धतीमुळे त्यात काय बदलले, ते सांगता आले तरच नवा निबंध लिहावा.

वाक्य हाती आले की नियतकालिक निवडणे सोपे जाते. पदार्थाची रचना आणि त्याचे चुंबकीय गुणधर्म यांचा संबंध दाखवणाऱ्या कामासाठी १९७५पासून निघणारे ‘जर्नल ऑफ मॅग्नेटिझम अँड मॅग्नेटिक मटेरियल्स’ योग्य आहे. उपकरणे, सेन्सर, चुंबकीय साठवण अशा उपयोजित विषयांसाठी १९६५पासूनचे ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन मॅग्नेटिक्स’ आहे, तर मूलभूत भौतिकीचा नवा मुद्दा असेल तर ‘फिजिकल रिव्ह्यू बी’चा विचार करावा. निवडलेल्या नियतकालिकातील गेल्या दोन वर्षांचे चार-पाच निबंध पूर्ण वाचावेत. आपल्या संदर्भांत तेथील एकही निबंध येत नसेल, तर बहुधा जागा चुकली आहे. आठवड्याभरात स्वीकृतीची हमी देऊन पैसे मागणाऱ्या ईमेलना उत्तर देऊ नये. आणि एकच निबंध एका वेळी दोन ठिकाणी कधीही पाठवू नये, कारण तो गैरप्रकार मानला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे मोजमापाचा तपशील. माझ्या पहिल्या निबंधात मी एका मृदू, म्हणजे सहज चुंबकित आणि विचुंबकित होणाऱ्या, फेराइटची कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणण्यासाठी लागणारे उलटे क्षेत्र) सुमारे २० ओर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचे एकक) असल्याचे मोठ्या उत्साहाने लिहिले होते. समीक्षकाने एकच प्रश्न विचारला: मोजमापाच्या यंत्रातील अतिसंवाहक चुंबकाचे क्षेत्र मोठ्या मूल्यापर्यंत नेऊन परत आणल्यावर त्यात जे अवशिष्ट क्षेत्र उरते, ते वजा केले का? मी ते केले नव्हते. अशा चुंबकात काही दहा ओर्स्टेड क्षेत्र सहज उरते, त्यामुळे माझा आकडा नमुन्याचा होता की यंत्राचा, हे सांगताच येत नव्हते. पॅलेडियमच्या प्रमाणित नमुन्याने ते क्षेत्र मोजून पुन्हा काम करण्यात कित्येक आठवडे गेले. तेव्हापासून निबंध पाठवण्यापूर्वी मी काही गोष्टी न चुकता पाहतो. नमुन्याचे वस्तुमान किती होते आणि तो भुकटी, गोळी की पातळ थर होता. थर असेल तर खालच्या आधाराचा प्रतिचुंबकीय (क्षेत्राच्या उलट दिशेचा क्षीण) वाटा वजा केला का. गोळी असेल तर आकारामुळे येणाऱ्या विचुंबकन क्षेत्राची (नमुन्याच्या आतच तयार होणाऱ्या उलट्या क्षेत्राची) दुरुस्ती केली का. नमुना शून्य चुंबकीय क्षेत्रात आणि क्षेत्र लावून थंड करून घेतलेल्या चुंबकन-तापमान वक्रांसाठी क्षेत्र व तापमान बदलण्याचा वेग लिहिला आहे का. क्युरी-वाइस जुळणी (उच्च तापमानाला चुंबकीय प्रतिसाद तापमानानुसार कसा बदलतो, त्या नियमाशी मोजमाप जुळवणे) कोणत्या तापमान-पट्ट्यात केली. काही नॅनोमीटर जाडीचा थर स्टीलच्या चिमट्याने उचलला असेल, तर लोहाचा एखादा सूक्ष्म कण चिकटून खोटे लोहचुंबकत्व दिसू शकते, म्हणून प्लॅस्टिकचा चिमटा वापरल्याचेही लिहावे.

एककांची सरमिसळ टाळावी. चुंबकनाच्या ईएमयू (जुन्या सीजीएस पद्धतीतील एकक) प्रति ग्रॅम आणि अँपिअर वर्ग मीटर प्रति किलोग्रॅम या एककांत आकडा सारखाच राहतो, पण १ ओर्स्टेड म्हणजे सुमारे ७९.५८ अँपिअर प्रति मीटर. एका आलेखात ओर्स्टेड आणि दुसऱ्यात टेस्ला, असे दिसले की समीक्षकाचा विश्वास तेथेच डळमळतो.

लिहिताना आधी आलेख क्रमाने लावावेत, मग निष्कर्ष, त्यानंतर प्रास्ताविक आणि सर्वांत शेवटी सारांश लिहावा. सारांशात निदान एक ठोस आकडा असावा. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या अनेक नियतकालिकांत ‘हायलाइट्स’, म्हणजे ठळक मुद्दे, म्हणून तीन ते पाच ओळी द्याव्या लागतात आणि प्रत्येक ओळ रिकाम्या जागांसह ८५ अक्षरचिन्हांत बसवावी लागते. मराठीतले ते मूळ वाक्य येथे पुन्हा उपयोगी पडते. ज्या केंद्रात मोजमाप झाले त्याचा उल्लेख आभारात त्या केंद्राने ठरवून दिलेल्या शब्दांत करावा. लेखनासाठी एआयचे साधन वापरले असेल तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसे नमूद करावे. ते लेखक म्हणून दाखवता येत नाही.

संकेतस्थळावर भरण्याचे काम शांतपणे केल्यास एका दुपारचे आहे. त्यापूर्वी प्रत्येक सहलेखकाने अंतिम मसुदा वाचून संमती दिलेली असावी आणि कोणी काय केले ते ठरलेले असावे. अनेक नियतकालिके त्यासाठी १४ भूमिकांची ठरावीक यादी वापरतात. सोळा अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख, आधीच काढून ठेवावा. एकाच आद्याक्षराचे जोशी, कुलकर्णी, देशपांडे असंख्य असल्यामुळे मराठी लेखकांना तो विशेष हवा. कव्हर लेटर अर्ध्या पानाचे पुरते. त्यात नवे काय आणि या वाचकांना ते का हवे, एवढेच लिहावे, संपादकांची स्तुती करू नये. समीक्षकांची नावे सुचवायची असतील तर आपल्याच गटाशी किंवा संस्थेशी संबंधित व्यक्ती सुचवू नयेत.

संपादकाकडूनच नकार आला तर कारण वाचून, निबंध सुधारून दुसरीकडे पाठवावा. समीक्षकांचे अभिप्राय आले तर ते एकदा वाचून दोन दिवस बाजूला ठेवावेत. मग प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून त्याखाली आपले उत्तर आणि केलेला बदल कोणत्या पानावर आहे ते लिहावे. समीक्षकाचा गैरसमज झाला असला तरी आपले वाक्य संदिग्ध होते का, हे आधी तपासावे. बहुतेक वेळा ते असते. एखादे मोजमाप करणे शक्य नसेल तर तसे सकारण सांगावे आणि त्यामुळे निष्कर्षाची व्याप्ती किती कमी होते तेही मान्य करावे. दिलेली मुदत अपुरी वाटली तर आधीच वाढवून मागावी.

स्वीकृतीनंतर छपाईचे प्रूफ येते आणि ते बहुधा दोन दिवसांतच तपासून द्यावे लागते. लेखकांची नावे, संस्थेचा पत्ता, ऋण चिन्हे आणि एकके कागदावर काढून, दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने वाचत तपासावीत. मायक्रोचे चिन्ह बदलून मिलीचे झाले तर आपल्या नमुन्याचे चुंबकीय आघूर्ण हजार पटींनी वाढलेले छापले जाईल.