कचऱ्याने भरलेल्या उद्यानात नाणी शोधताना मेटल डिटेक्टर कसा जुळवावा

अमेरिकेतील जुन्या शहरी उद्यानांत सहली, सामने आणि मेळावे दशकानुदशके होत आले असल्यामुळे तिथल्या मातीत नाणी भरपूर पडलेली असतात. परंतु त्यांच्याभोवती खिळे, बाटल्यांची पत्र्याची झाकणे, शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या आणि ॲल्युमिनियमच्या कागदाचे चुरगळलेले तुकडे त्याहून कितीतरी अधिक असतात. अशा जमिनीत अधिकाधिक खोलवर पाहण्याचा मोह सोडावा आणि एकमेकींना खेटून असलेल्या दोन वस्तू यंत्राला वेगवेगळ्या ऐकू येतील अशी जुळवणी करावी. खाली सांगितलेला प्रत्येक बदल याच हेतूने केलेला आहे. आकडे देताना मी मिनेलॅब कंपनीचे इक्विनॉक्स ८०० हे यंत्र समोर ठेवले आहे, पण तत्त्व इतर यंत्रांनाही तसेच लागू पडते.

जाण्यापूर्वी परवानगीची खात्री करून घ्यावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मेटल डिटेक्टर वापरण्यास मनाई आहे, न्यूयॉर्क शहराच्या उद्यानांत त्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि इतर शहरांचे नियम वेगवेगळे असल्याने स्थानिक उद्यान विभागाकडे विचारणे आवश्यक असते. महाराष्ट्रात हा छंद करू पाहणाऱ्यांनी निखात निधीविषयीचा १८७८ चा कायदा आधी वाचावा, कारण जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास त्याची सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन त्यात आहे.

नाण्यांचे धातू माहीत असल्याशिवाय, वस्तूची ओळख म्हणून यंत्राच्या पडद्यावर उमटणाऱ्या आकड्याला अर्थ येत नाही. पाच सेंटचे निकेल हे नाणे ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल यांच्या मिश्रधातूचे असते आणि त्याची विद्युतवाहकता कमी असल्यामुळे इक्विनॉक्सवर ते साधारण १२ किंवा १३ आकडा दाखवते. दुर्दैवाने डब्यांच्या कड्याही याच आकड्याच्या आसपास येतात आणि सोन्याच्या अनेक अंगठ्यासुद्धा इथेच सापडतात. १९८२ नंतरचे एक सेंटचे नाणे तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताचे असल्याने २० च्या आसपास येते, डाइम (दहा सेंटचे नाणे) आणि जुना तांब्याचा सेंट २५ च्या जवळ येतात, तर क्वार्टर (पंचवीस सेंटचे नाणे) ३० च्या आसपास. १९६४ पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर ९० टक्के चांदीचे असतात, म्हणून वरच्या टोकाचा स्वच्छ आणि स्थिर आवाज कधीही सोडू नये. माती, नाण्याची झीज आणि शेजारचा कचरा यांमुळे हे आकडे थोडे पुढेमागे होतात.

भारतातून नेलेल्या नाण्यांवर यंत्राची चाचणी घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली अलीकडची एक आणि दोन रुपयांची नाणी लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची असल्यामुळे, लोखंड वगळण्याची सोय चालू असताना यंत्र तीही वगळू शकते. चाचणी नेहमी शोधायच्या नाण्यावरच घ्यावी.

जुळवणीची सुरुवात कॉइलपासून, म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेल्या, जमिनीवरून फिरवायच्या चकतीपासून करावी, कारण सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. यंत्रासोबत येणाऱ्या ११ इंची कॉइलखाली एकाच वेळी तीन-चार वस्तू येतात आणि त्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. ६ इंची कॉइल लावल्यास खोली थोडी घटते, पण खिळ्याच्या शेजारचे नाणे वेगळे उमटते. एकच जास्तीची वस्तू विकत घेण्याची ऐपत असेल, तर ती लहान कॉइलच असावी असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर कॉइल स्थिर धरून विजेच्या तारांचा आणि आसपासच्या उपकरणांचा व्यत्यय टाळणारी वारंवारता यंत्राला निवडू द्यावी, आणि धातू नसलेल्या जागी कॉइल वरखाली करून ग्राउंड बॅलन्स साधावा, म्हणजे मातीतल्या खनिजांचा संकेत यंत्राला दुर्लक्षित करू द्यावा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, २५ पैकी १६ ते १८ वर ठेवून सुरुवात करावी आणि यंत्र विनाकारण कुरकुरू लागल्यास आणखी उतरवावी.

आता डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको असलेल्या धातूंचे संकेत वगळण्याचा, प्रश्न येतो, आणि बहुतेक नाणी इथेच हातची जातात. कड्यांचा त्रास नको म्हणून त्यांचा आकडा नॉच करून, म्हणजे तेवढाच पट्टा वगळून, गप्प केला, तर त्यांच्यासोबत निकेल आणि सोनेही गप्प होते. शिवाय कडी आणि डाइम एकत्र कॉइलखाली आल्यावर त्यांचा मिश्र आकडा गप्प केलेल्या पट्ट्यात पडू शकतो आणि डाइमचा आवाज येतच नाही. म्हणून फक्त लोखंडाचा पट्टा वगळावा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे तोही न वगळता लोखंडाचा आवाज अगदी मंद आणि खालच्या पट्टीत ठेवावा. लोखंड ऐकू येत राहिले की कचरा कुठे दाट आणि कुठे विरळ आहे ते कळते, आणि दाट जागी हात आपोआप सावकाश चालतो.

लोखंडाचा संकेत ओळखून त्यातून सावरायला यंत्राला क्षणाचा काही अंश लागतो आणि तेवढ्यात कॉइलखालून गेलेले नाणे निसटते. हा वेळ कमी करणारी रिकव्हरी स्पीड ८ पैकी ६ किंवा ७ वर न्यावी. खोलीत थोडी घट होईल, ती स्वीकारावी. आयर्न बायस, म्हणजे संदिग्ध संकेत लोखंडाचा मानण्याकडे यंत्राचा कल, मात्र जागा पाहूनच ठरवावा लागतो: तो वाढवला की वाकलेले खिळे आणि पत्र्याची झाकणे नाण्याचा आव आणत नाहीत, पण लोखंडाला खेटलेले नाणेही लोखंडातच जमा होते. खिळे फार असतील तर मी तो २ च्या आसपास ठेवतो, आणि सहलीच्या टेबलांजवळ, जिथे झाकणांचा खच पडलेला असतो, तिथे ६ किंवा त्याहून वर नेतो. जमिनीवर एक डाइम आणि त्याच्या बोटभर अंतरावर एक खिळा ठेवून निरनिराळ्या दिशांनी कॉइल फिरवली, की आपल्या यंत्रावर हा आकडा कुठे ठेवायचा ते पाच मिनिटांत समजते.

कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश आणि लहान फेऱ्यांत फिरवावी. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढलेली असावी. संकेत मिळाला की त्याभोवती ९० अंश फिरून पुन्हा ऐकावे. नाण्याचा आकडा सहसा दोन्ही दिशांनी टिकतो, कचऱ्याचा घसरतो. झाकणाची शंका असल्यास कॉइल हळूहळू मागे ओढून वस्तू तिच्या टोकाखाली आणावी. पत्र्याचे झाकण अशा वेळी बहुधा लोखंडासारखे घोगरे वाजते, तर नाणे शेवटपर्यंत आपला सूर सोडत नाही.

निघालेला कचराही वाचावा. डब्यापासून पूर्ण सुटणाऱ्या, शेपटीच्या कड्या १९६० च्या दशकात आल्या आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डब्यालाच चिकटून राहणाऱ्या कड्यांनी त्यांची जागा घेतली. जिथे शेपटीच्या कड्या निघतात, तिथली माती चांदीची नाणी वापरातून बाहेर जाण्याच्या काळापर्यंत मागे जाते. अशी जागा कंटाळून सोडू नये, कारण आधी येऊन गेलेल्यांनी ती याच कड्यांना कंटाळून सोडलेली असण्याची शक्यता असते.

खणताना हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटावा, सुटी माती कापडावर काढावी आणि हाती धरायच्या पिनपॉइंटरने, म्हणजे अगदी जवळचा धातू दाखवणाऱ्या लहान यंत्राने, वस्तू नेमकी शोधावी. वस्तू निघाल्यावर खड्ड्यावरून पुन्हा कॉइल फिरवावी, कारण वरची कडी दूर झाल्यावरच खालचे नाणे पहिल्यांदा वाजते. निघालेला कचरा पिशवीत भरून न्यावा, माती खड्ड्यात परत घालावी आणि हिरवळ पायाने दाबून बसवावी. पुढच्या खेपेस त्याच पट्ट्यातून आडव्या दिशेने जाताना, कचरा कमी झाल्यामुळे, सेन्सिटिव्हिटी दोन-तीन अंकांनी वाढवता येते.