अॅक्शन एमएमओ निवडताना आधी डॉज मोजा

माझा आतेभाऊ इथंच नागपुरात, मनीष नगर भागात राहतो, अकरावीत आहे. परवा आला अन् म्हणे, "दादा, सांग ना कोणता अॅक्शन एमएमओ घेऊ, एकाचेच पैसे आहेत माझ्याकडे." एमएमओ म्हणजे खूप लोक एकाच जगात एकत्र ऑनलाइन खेळतात तो गेम. मोबाइलवर सात-आठ ट्रेलर सेव्ह करून ठेवलेले, सगळ्यांत तलवारी फिरून राहिल्या, ठिणग्या उडून राहिल्या, अन् बघणाऱ्याला सगळे गेम एकसारखेच वाटतात. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून काढतो, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी हेच विचारतं.

माझं म्हणणं एवढंच की मारायला कसं वाटतं यावरून गेम तोलू नका, मार चुकवायला, म्हणजे डॉज करायला, कसं वाटतं यावरून तोला. मारताना सगळेच छान वाटतात, तेवढं काम प्रत्येक कंपनीनं केलेलंच असतं. पण समोरच्या राक्षसानं हात उगारला, तुम्ही बटण दाबलं, अन् त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात तुमच्या कॅरेक्टरचं काय होतं, तिथे एक गेम दुसऱ्यापासून वेगळा होतो. अन् आपण नागपुरात बसून खेळतो म्हणून तर हे अजूनच महत्त्वाचं, ते पुढे सांगतो.

आधी जुनी पद्धत माहीत पाहिजे म्हणजे नवीन काय आहे ते कळतं. २००४ चा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घ्या. टॅब दाबून शत्रू निवडायचा, मग १, २, ३ अशी बटणं दाबायची, प्रत्येक बटणाला एक स्किल, म्हणजे खास चाल, अन् दोन स्किलच्या मध्ये साधारण दीड सेकंदाचा ग्लोबल कूलडाऊन, म्हणजे सक्तीनं थांबायचं. तुमचा वार लागला की नाही हे तुमचा नेम ठरवत नाही, गेमचं गणित ठरवतं. फायनल फॅन्टसी १४ मध्ये हा कूलडाऊन अडीच सेकंदांचा आहे, अन् तिथे जमिनीवर नारिंगी गोल दिसला तर शत्रूचा कास्ट बार (वार तयार होताना भरणारी पट्टी) संपतो त्या क्षणी तुम्ही गोलाच्या बाहेर होते का एवढंच बघितलं जातं, स्फोट नंतर डोळ्यासमोर झाला तरी काही होत नाही. नवीन माणूस तिथे उगाच घाबरून लांब पळत राहतो. हे गेम वाईट नाहीत बरं का, विचार करून खेळायचे आहेत, फक्त त्यांत हात कमी अन् डोकं जास्त लागतं.

आता अॅक्शनवाले. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक अॅक्शन टेरा नावाच्या गेममध्ये होतं. कोरियात २०११ ला आला, अमेरिका-युरोपात २०१२ ला, अन् ३० जून २०२२ ला पीसीवर बंद झाला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. स्क्रीनच्या मधोमध क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची खूण, त्याच्यासमोर जो असेल त्याला लागेल, नसेल तर हवेत जाईल. लान्सर (ढालवाला योद्धा) घेतला तर ढाल खरोखर उचलून धरावी लागायची, अन् राक्षसाच्या अंगातून आरपार जाता यायचं नाही. पण बहुतेक वार करताना पाय जागेवर रोवले जायचे, म्हणजे वार कधी करायचा हाच मोठा निर्णय. गेम बंद झाला तरी तुलनेसाठी तो मी मापदंड म्हणून ठेवलाय: नेम तुमचा, वेळ तुमची, अन् चुकलं तर मारही तुम्हालाच.

गिल्ड वॉर्स २ मध्ये वेगळंच आहे, अन् नवीन माणसाला मी आधी हाच उघडायला सांगतो. ऑगस्ट २०१२ चा आहे, मूळ गेम २०१५ पासून फुकट आहे, म्हणजे आतेभावाच्या पैशांना हात न लावता ट्राय होतो. इथे टॅब टार्गेट आहे, पण सोबत डॉज आहे, अन् डॉजचा हिशेब इतका स्वच्छ आहे की बाकीचे गेम त्यावरून मोजता येतात. एन्ड्युरन्स, म्हणजे कॅरेक्टरचा दम, १०० असतो, एका डॉजला ५० जातो, सेकंदाला ५ परत भरतो. म्हणजे हातात दोन डॉज, अन् प्रत्येक डॉज परत यायला दहा सेकंद. डॉज करताना पाऊण सेकंद तुम्हाला काही लागत नाही. पाऊण सेकंद म्हणजे ७५० मिलिसेकंद, हा आकडा लक्षात ठेवा. २०१६ मध्ये त्यांनी अॅक्शन कॅमेरासुद्धा दिला, तो चालू केला की माउसनं बघाल तिकडे वार जातो, पहिल्या दिवशीच चालू करून बघा.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन २०१४ चा. याच्यात चुकवायचे तीन मार्ग आहेत, ब्लॉक धरायचा, बॅश मारून समोरच्याचं स्किल तोडायचं, नाहीतर रोल, म्हणजे लोळण, मारायचा, अन् तिन्ही एकाच स्टॅमिनातून, म्हणजे दमातून, जातात. सलग रोल मारत राहिला तर प्रत्येक पुढचा रोल महाग पडतो, म्हणून घाबरून तीन-चार रोल मारणारा पोट्टा पाचव्या वेळी उभाच मरतो. मारायच्या बाजूला इथे वीव्हिंग आहे, साधा वार अन् लगेच त्याच्या पाठोपाठ स्किल, मग परत साधा वार, सेकंदाला एक अशा तालात. तो ताल हातात बसला की तबल्यासारखं वाटतं, खरंच. पण पिंग, म्हणजे डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, वर-खाली व्हायला लागला की पहिले हाच ताल तुटतो.

ब्लॅक डेझर्ट ऑनलाइनवर जरा जास्त थांबतो, कारण ट्रेलर बघून सगळे यालाच भुलतात. अमेरिका-युरोपात मार्च २०१६ ला आला. स्किल बारकडे बघायची गरज नाही, शिफ्टसोबत दिशा अन् माउसचं बटण, असे कॉम्बो बोटांतच बसतात, फायटिंग गेमसारखे. पण या गेमचा जीव कॉम्बोत नाही, प्रोटेक्शनमध्ये आहे. प्रत्येक स्किल करताना तुमच्यावर यातलं काहीतरी असतं नाहीतर नसतं: फॉरवर्ड गार्ड, म्हणजे समोरून आलेलं अडतं पण मागून लागतं, सुपर आर्मर, म्हणजे मार लागतो पण तुम्ही पडत नाही, अन् आय-फ्रेम, म्हणजे त्या क्षणी काहीच लागत नाही. ग्रॅब, म्हणजे पकडायची चाल, मात्र सुपर आर्मरलाही जुमानत नाही. म्हणून इथे चांगला प्लेअर दिसायला धडाधड मारत असतो, पण मनात त्याचा एकच हिशेब चाललेला असतो की एका प्रोटेक्शनवरून दुसऱ्या प्रोटेक्शनवर उघडं न पडता कसं जायचं. साध्या मॉन्स्टरांवर हे शिकायलाच मिळत नाही, ते दहा-दहा एका फटक्यात मरतात अन् तुम्हाला वाटतं आपण भारी झालो, मग पहिल्या पीव्हीपीत, म्हणजे दुसऱ्या प्लेअरशी लढताना, जमिनीवरून उठायलाच मिळत नाही. तेव्हा हा गेम तोलायचा असेल तर मॉन्स्टर मारून तोलू नका, स्किलच्या माहितीत कोणतं प्रोटेक्शन लिहिलंय ते एकेक वाचा.

लॉस्ट आर्क हा कॅमेरा वरून असलेला गेम, फेब्रुवारी २०२२ ला पाश्चात्त्य देशांत आला. माउसनं चालायचं, स्पेसनं उडी मारून सटकायचं, बॉस, म्हणजे मोठा शत्रू, निळा चमकला की त्याचा वार तोडणारं काउंटर स्किल समोरून मारायचं. काही क्लासचा, म्हणजे योद्ध्याच्या प्रकारांचा, जोर बॅक अटॅकवर असतो, म्हणजे बॉसच्या पाठीमागे टिकून राहायचं. इथे नेमापेक्षा जागा महत्त्वाची.

न्यू वर्ल्ड सप्टेंबर २०२१ ला आला, दोन हत्यारं, प्रत्येकाची तीनच स्किल, धनुष्याला खरा नेम लागतो अन् डोक्याला लागलं तर जास्त मार. फटका सोडला की बहुतेक वेळा तो पूर्ण होईपर्यंत अडकता. अंगावर किती वजन घातलंय यावर तुमचा डॉज ठरतो, हलका असाल तर लोळण, जड असाल तर छोटीशी उडी. मारामारी मला फार आवडली, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन कंटेंट थांबवत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा आत्ता पैसे घालून सुरुवात करा असं मी कोणाला सांगणार नाही.

आता करायचं कसं ते. एका गेमला एक संध्याकाळ द्या. क्लास जवळून मारणारा घ्या, सगळ्या गेममध्ये तसाच, नाहीतर इकडे धनुष्यवाला अन् तिकडे तलवारवाला अशी तुलना होऊन बसते. सुरुवातीच्याच भागात एखादा मोठा, सावकाश हात उगारणारा शत्रू शोधा अन् त्याला मारूच नका. फक्त त्याचे वार चुकवा, वीस वेळा, अन् त्यातले किती चुकवता आले ते वहीत लिहा. वही खरंच घ्या, कारण नंतर डोक्यात फक्त मजा आली का नाही एवढंच राहतं. मग दुसरा प्रयोग: स्वतः मोठा वार सुरू करा अन् अर्ध्यातच डॉज दाबा. वार तोडून कॅरेक्टर लगेच सटकलं का, का वार पूर्ण करूनच सटकलं? गिल्ड वॉर्स २ मध्ये डॉज स्किल तोडतो, न्यू वर्ल्डमध्ये बहुतेक वेळा थांबावं लागतं. यात चूक-बरोबर काही नाही, पण तुमचा स्वभाव कळतो. ज्याला लगेच सुटता येणारं आवडतं त्याला अडकवणारा गेम दगडासारखा जड वाटतो, अन् ज्याला प्रत्येक वाराला किंमत असावी वाटते त्याला पहिला फार पातळ वाटतो. तिसरं, नेम शत्रूवरून मुद्दाम थोडा बाजूला धरून मारा. लागलं तर गेम तुम्हाला मदत करून राहिला.

आता पिंग. झिरो माईलचा दगड आपल्या गावात, आपण देशाच्या मध्यभागी, त्यामुळे समुद्र सगळीकडूनच लांब. बाहेर जाणारा डेटा बहुतेक आधी मुंबई नाहीतर चेन्नईच्या समुद्री केबलपर्यंत जातो अन् मग पुढे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १,००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. नागपूर ते युरोपातलं फ्रँकफर्ट सरळ रेषेतच साडेसहा हजार किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा ६५ तर नुसते अंतराचेच झाले, केबल वळसे घेऊन जाते अन् मधली उपकरणं वेळ खातात ते वेगळं. गिल्ड वॉर्स २ अन् एल्डर स्क्रोल्स, दोघांचे आपल्याला निवडता येणारे सर्व्हर उत्तर अमेरिका अन् युरोपातच, म्हणून युरोप निवडा. कनेक्शन महाग घेतलं तरी प्रकाशाचा वेग काही वाढत नाही, हे लोकांना पटतच नाही.

पण घाबरायचं कारण नाही. ७५० मिलिसेकंदांच्या डॉजला १६० पिंग असला तरी चालतं, तुम्ही वार दिसल्यावर नाही तर हात उगारल्यावर दाबायला शिकता, आठ दिवसांत सवय होते. ज्या गेममध्ये मार चुकवायची वेळ फार छोटी, किंवा समोर माणूस आहे, तिथे मात्र हेच १६० तुम्हाला हरवतात. अन् आकड्यापेक्षा तो स्थिर आहे का ते बघा. १६० कायम राहिला तर हात जुळवून घेतो, पण ९० चा एकदम २५० होत असेल तर काहीच जुळत नाही. गिल्ड वॉर्स २ मध्ये चॅटमध्ये स्लॅश आयपी (/ip) टाइप केलं की सर्व्हरचा पत्ता मिळतो, त्याला कमांड प्रॉम्प्टमधून पिंग लावा, एकदा दुपारी अन् एकदा रात्री दहाला. माझ्याकडे रात्रीचा आकडा उड्या मारत होता, मी महिनाभर कनेक्शनवाल्याशी भांडलो, शेवटी राउटरपासून लॅन केबल ओढली तेव्हा अर्ध्याच्या वर उड्या गेल्या. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, लाईट गेली की बॉसच्या मध्येच गायब होता अन् बाकीच्या लोकांची मेहनत वाया जाते.

अन् उन्हाळ्यात केलेली तुलना धरू नका. मे महिन्यात बाहेर ४५ असतं, खोलीत लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो, सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम साठच्या तीसवर येतात, अन् तुम्हाला वाटतं गेमचा डॉजच जड आहे. कूलरच्या थेट समोर लॅपटॉप ठेवू नका, ती हवा ओली असते. मागून दोन पुस्तकांवर उचलून ठेवा, ग्राफिक्स खाली आणा अन् फ्रेम ६० वर लॉक करा. सगळे गेम एकाच सेटिंगवर, शक्यतो सकाळी लवकर बघा.

आतेभावाची वही काल बघितली. गिल्ड वॉर्स २ मध्ये वीसपैकी चौदा, एल्डर स्क्रोल्समध्ये नऊ, ब्लॅक डेझर्टच्या पानावर आकडाच नाही, नुसतं लिहिलंय की शत्रू वार करायच्या आधीच मरून राहिले. त्याला एल्डर स्क्रोल्सच आवडला, ब्लॉक धरून उभं राहायला मजा येते म्हणे. पैसे अजून घातले नाहीत, या रविवारी परत वीस मोजणार आहे.